घरगुती पिसे काढणाऱ्या यंत्राचे निदान : फाटणारी कातडी, मोडणारे पंख आणि अडकणारी थाळी

या प्रकरणातील कुटुंब मांसासाठी कोंबड्या पाळते, एका खेपेत साठाच्या आसपास पक्षी वाढवते आणि ते घरीच कापून, साफ करून, थंड करून साठवते. हाताने पिसे काढायला एका पक्ष्यामागे दहा ते पंधरा मिनिटे जात होती. त्यामुळे साठ पक्ष्यांचे काम एका दिवसात उरकणे अशक्य होते आणि ते दोन-तीन दिवसांवर पसरल्यास प्रत्येक वेळी पाणी तापवणे, जागा धुणे आणि माणसे गोळा करणे हे सारे नव्याने करावे लागत होते. म्हणून घरातील थोरल्या भावाने, ज्याला वेल्डिंग आणि मोटारींची कामे येतात, प्लास्टिकच्या पिंपापासून पिसे काढणारे यंत्र तयार केले. यंत्र चालले, पण पहिल्याच खेपेत त्यातून निघालेल्या पक्ष्यांपैकी बऱ्याच पक्ष्यांची छातीवरची कातडी फाटलेली होती, काहींचे पंख मोडलेले होते, काहींच्या शेपटीजवळ आणि मांड्यांवर पिसांचे पुंजके तसेच राहिले होते आणि मध्येच थाळी जाम होऊन मोटार घुमत उभी राहत होती. कुटुंबाने यावर काढलेला निष्कर्ष असा होता की १ एचपीची मोटार कमी पडते आहे आणि तिच्या जागी २ एचपीची बसवावी. मोटार बदलण्यापूर्वी यंत्र आणि काम दोन्ही पाहण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. त्या तपासणीची आणि तिच्यानंतर केलेल्या बदलांची ही नोंद आहे.

यंत्राची रचना

या प्रकारच्या यंत्राचे तत्त्व साधे आहे. उभ्या पिंपाच्या आतल्या भिंतीला रबरी बोटे बसवलेली असतात, तळाशी तशीच बोटे बसवलेली एक गोल थाळी फिरत असते, आणि गरम पाण्यातून काढलेला पक्षी आत टाकला की थाळी त्याला गोल फिरवत, उलटापालटा करत भिंतीवरच्या स्थिर बोटांवर घासत नेते. पक्ष्याचा वेग आणि बोटांचा वेग यांतला फरक हेच पिसे उपटणारे बळ असते. थाळीच्या कडेभोवती ठेवलेल्या फटीतून पिसे आणि पाणी खाली पडते.

येथे २०० लिटरचे निळे प्लास्टिकचे पिंप वापरलेले होते आणि त्याचा खालचा सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचा भाग कापून घेतलेला होता. आतला व्यास ५७ सेंटिमीटर भरला. थाळी ६ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची होती आणि तिचा व्यास ५३ सेंटिमीटर होता, म्हणजे सगळीकडे सारखी राहिली असती तर फट २ सेंटिमीटरची असायला हवी होती. रबरी बोटे तयार, कंगोऱ्यांची, १९ मिलिमीटरच्या भोकात बसणारी आणि साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास लांबीची होती. सुरुवातीला पाण्याच्या नळीचे तुकडे बोटांऐवजी लावून पाहिले गेले होते, पण गुळगुळीत नळी ओल्या पिसावरून घसरते, तिला पकड नसते, म्हणून तो प्रयोग लवकरच सोडून देण्यात आला आणि तो निर्णय योग्यच होता. बोटे बसवताना भोकांच्या कडा कानशीने नीट घासलेल्या होत्या, ही बाब छोटी असली तरी महत्त्वाची आहे, कारण धारदार कडेवर रबराची मान काही खेपांतच चिरते.

मोटार एकफेजी, चार पोलची, १४४० आरपीएमची (मिनिटाला १४४० फेरे घेणारी) होती. तिच्या शाफ्टवर ७५ मिलिमीटरची पुली, थाळीच्या शाफ्टवर ३०० मिलिमीटरची पुली आणि मध्ये व्ही पट्टा अशी मांडणी होती. मोटार थाळीच्या बरोबर खाली न ठेवता बाजूला ठेवून तिच्यावर पत्र्याचे छप्पर केलेले होते. एकंदरीत कारागिरी नीटनेटकी होती आणि जे बिघडले होते ते निष्काळजीपणामुळे नव्हते.

तक्रारींची विभागणी

चारही तक्रारी यंत्रातून पक्षी बाहेर काढताना दिसत असल्याने त्या चारही यंत्राच्या माथी मारल्या गेल्या होत्या. परंतु पिसे काढण्याचे काम यंत्रात सुरू होत नाही. ते पक्षी पकडण्यापासून सुरू होते, रक्त गळण्यातून आणि गरम पाण्यातून पुढे जाते, आणि यंत्र हा त्यातला अखेरचा, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा टप्पा असतो. त्यामुळे स्पॅनर हातात घेण्याआधी कोणता दोष कोणत्या टप्प्यावर निर्माण होतो हे वेगळे करणे आवश्यक होते.

मोडलेल्या पंखांपासून सुरुवात केली. पक्षी जिवंत असताना, म्हणजे रक्ताभिसरण चालू असताना हाड मोडले तर मोडलेल्या जागेभोवती रक्त साकळते आणि मांस लालभडक किंवा जांभळे दिसते. रक्त गळून गेल्यानंतर यंत्रात हाड मोडले तर ती जागा फिकट, स्वच्छ राहते. बाजूला काढून ठेवलेल्या पंखांची चिरफाड करून पाहिल्यावर त्यांत दोन्ही प्रकार आढळले. काही पंखांच्या सांध्यापाशी ठळक लाल डाग होते. हे पंख पक्षी पकडताना किंवा मान कापल्यानंतरच्या फडफडीत मोडलेले होते आणि त्यांच्याशी यंत्राचा काहीही संबंध नव्हता. उरलेल्या पंखांच्या मोडीभोवती मात्र रक्ताचा मागमूस नव्हता, म्हणजे ते पिंपातच मोडले होते. पहिल्या गटावरचा उपाय पत्र्याचा शंकू हा होता, ज्यात पक्षी उलटा ठेवला की मान खाली बाहेर राहते आणि पंख अंगाशी दाबलेले राहतात. घरात शंकू होते, पण घाईच्या वेळी दोन शंकू अपुरे पडत आणि मग पाय धरून पक्षी तसाच लोंबता ठेवला जाई. शंकूंची संख्या वाढवल्यावर तो भाग मिटला.

फाटलेल्या कातडीसाठी मी जी चाचणी नेहमी करतो तीच येथे केली. गरम पाण्यातून काढलेला पक्षी यंत्रात टाकण्यापूर्वी छातीवरची तळहाताएवढ्या जागेतली पिसे अंगठ्याने, सावकाश, पिसांच्या उलट दिशेने सारून काढायची. हाताखालीसुद्धा कातडी सोलून निघत असेल किंवा तिच्यावर चिकट पापुद्रा येत असेल, तर दोष पाण्याचा असतो आणि यंत्र कितीही सुधारले तरी कातडी फाटणारच. हाताने पिसे अलगद निघून कातडी शाबूत राहते आणि तोच पक्षी यंत्रातून फाटून बाहेर येतो, तर दोष यंत्राचा असतो. आणि हाताने ओढूनही पिसे नीट निघत नसतील, तर तो पक्षी यंत्रात टाकण्यात काहीच अर्थ नसतो. या चाचणीला काही सेकंद लागतात आणि तरीही ती क्वचितच कोणी करते, कारण यंत्र बनवणाऱ्याचे लक्ष यंत्रावर असते आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

येथे चुलीपाशी धाकटी बहीण होती. तिने पहिल्याच बोलण्यात सांगितले, “दादा मोटारीचं म्हणतोय, पण पहिल्या चार-पाच कोंबड्यांची कातडी फाटते आणि नंतरच्यांची पिसं राहतात, हे मी सकाळपासून बघतेय.” या एका निरीक्षणात निम्मे निदान होते. मोटार कमी पडत असती तर दोष सगळ्या पक्ष्यांत सारखा विखुरलेला दिसला असता. क्रमाने बदलणारा दोष क्रमाने बदलणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतो, आणि या कामात क्रमाने बदलत जाणारी गोष्ट म्हणजे पाण्याचे तापमान.

पाणी

पिसाचे मूळ कातडीतल्या खोबणीत बसलेले असते आणि भोवतालच्या ऊती त्याला घट्ट धरून ठेवतात. उष्णतेने तिथली प्रथिने सैल पडली की पकड सुटते. ही पकड सुटण्याचे तापमान आणि कातडी शिजू लागण्याचे तापमान यांत अंतर फार थोडे असते. कारखान्यांमध्ये दोन पद्धती रूढ आहेत. ५० ते ५३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवले तर कातडीवरचा पिवळसर बाह्य थर शाबूत राहतो, पण पिसे काढायला जोर अधिक लागतो. ६० अंशांच्या आसपास किंवा किंचित वर पाऊण ते एक मिनिट ठेवले तर पिसे सहज निघतात, पण तो थर निघून जातो आणि कातडी उघड्यावर लवकर कोरडी पडते. घरच्या यंत्राची बोटे आणि वेग पाहता दुसरी पद्धतच व्यवहार्य आहे. कोवळ्या मांसल पक्ष्यांना ६० ते ६३ अंश आणि जून कोंबड्यांना ६४-६५ अंश, वेळ सुमारे एक मिनिट, हे या कुटुंबाने आधीच ठरवलेले होते आणि ते बरोबरच होते. प्रश्न असा होता की पातेल्यातले पाणी खरोखर तेवढ्या तापमानाला होते का.

तापमापक बर्फाच्या घोळात बुडवून पाहिला तेव्हा तो शून्याऐवजी उणे ३ दाखवत होता. म्हणजे पातेल्यावर तो ६३ दाखवत असताना पाणी प्रत्यक्षात ६६ अंशांच्या घरात होते. शिवाय तो पातेल्याच्या काठाला चिमट्याने अडकवलेला होता आणि वरच्या थरातले तापमान मोजत होता. चूल पातेल्याच्या खाली असते, आणि २० लिटरच्या अरुंद पातेल्यात अडीच किलोचा पक्षी बुडवला की तो जवळजवळ पूर्ण तोंड व्यापतो व पाण्याचे वरखाली होणे थांबते. दुसरा तापमापक तळाशी सोडल्यावर पक्षी आत असताना वर आणि खाली ५ अंशांहून अधिक फरक आढळला. पक्षी पायांना धरून छाती खाली करून बुडवला जात असल्यामुळे सर्वांत नाजूक कातडी सर्वांत गरम पाण्यात जात होती. फाटण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा छातीवरच का होत्या याचे उत्तर येथे मिळाले, आणि हाताच्या चाचणीनेही त्याला दुजोरा दिला, कारण सुरुवातीच्या पक्ष्यांची छातीवरची कातडी अंगठ्याखालीसुद्धा निघत होती.

नंतरच्या पक्ष्यांचे उलटे होत होते. पाणी एकदा तापले की धूर आणि वाफेच्या त्रासामुळे आच कमी केली जाई, प्रत्येक पक्षी थोडी उष्णता आणि पिसांत भिजलेले बरेचसे पाणी घेऊन बाहेर पडे, कमी झालेले पाणी भरून काढण्यासाठी थंड पाणी ओतले जाई, आणि काही पक्ष्यांनंतर तापमान ५७-५८ अंशांपर्यंत उतरे. एका मिनिटाच्या बुडवणीला हे तापमान अपुरे आहे. पिसे राहिलेली दिसली की यंत्र अधिक वेळ चालवले जाई, आणि अर्धवट सुटलेल्या पिसांसह पक्षी दीड-दीड मिनिट पिंपात आपटत राही, ज्यातून पंख मोडण्याची शक्यता आणखी वाढत होती. अशा रीतीने पाण्यातला दोष यंत्रातल्या दोषाचे रूप घेत होता.

उपाय साधे होते. तापमापकाच्या जागी बर्फात तपासून घेतलेला दुसरा तापमापक आला. पातेले ६० लिटरचे, रुंद तोंडाचे घेण्यात आले, कारण पाण्याचे वस्तुमान जास्त असले की एका पक्ष्याने होणारी घसरण तितकीच कमी होते. पक्षी स्थिर न ठेवता सतत वर-खाली आणि गोल फिरवत बुडवण्याची सवय लावण्यात आली, ज्यामुळे पाणी ढवळले जाते आणि पिसांच्या आत अडकलेली हवा निघून पाणी कातडीपर्यंत पोहोचते. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकल्याने पिसांवरचा तेलकटपणा फुटतो आणि ती लवकर भिजतात. पातेल्यात भर घालायची ती गरम पाण्याचीच, असा नियम झाला. बाहेर काढण्याचा क्षण घड्याळाऐवजी पंखाच्या मोठ्या पिसावरून ठरवायचा, म्हणजे ते एका हलक्या ओढीत सुटले की पक्षी तयार. घड्याळ हे फक्त वरची मर्यादा म्हणून.

या बदलांनंतर, यंत्राला हातही न लावता, कातडी फाटण्याची तक्रार बहुतांशी थांबली आणि पुंजके राहणेही कमी झाले. रक्ताचा डाग नसलेले मोडके पंख आणि थाळी जाम होणे हे दोन दोष मात्र तसेच राहिले, आणि ते आता निःसंशय यंत्राचे होते.

वेग, बळ आणि पुली

७५ आणि ३०० मिलिमीटरच्या पुलींचे गुणोत्तर ४ येते, म्हणून थाळी मिनिटाला ३६० फेरे घेत होती. ५३ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीच्या कडेचा वेग त्या हिशेबाने सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर होतो. या वेगाने पक्षी उलटापालटा होत नाही, तो भिंतीला चिकटून एकाच अंगावर गोल फिरत राहतो, त्यामुळे एक बाजू लालसर होईपर्यंत घासली जाते आणि दुसऱ्या बाजूवर पिसे राहतात, आणि पंख उघडून बोटांच्या रांगेत अडकला की त्या धक्क्यात सांधा सुटतो. या प्रकारच्या पिंपयंत्रांना मिनिटाला साधारण २४० ते २८० फेरे पुरतात. वेग ३६० वरून २४० वर आणला तर तो दीडपटीने कमी होतो, पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती सव्वादोन पटीने कमी होते. पंख वाचतात ते या दुसऱ्या आकड्यामुळे.

थाळी जाम होण्याचे मूळही याच गुणोत्तरात होते. जाम होताना पट्टा किंचाळत असेल आणि मोटार आपल्या वेगाने फिरतच असेल, तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालेला असतो. येथे पट्टा न घसरता मोटार घुमत मंदावत होती, म्हणजे थाळीवर पोहोचणारे पीळबळ (टॉर्क, म्हणजे फिरवणारे बळ) कमी होते. १४४० आरपीएमला १ एचपीची मोटार शाफ्टवर सुमारे ५ न्यूटन-मीटर पीळबळ देते. चारपट गुणोत्तरात ते थाळीवर सुमारे २० न्यूटन-मीटर होते, तर सहापट गुणोत्तरात ३०. हे आकडे घर्षणातली घट न धरता आहेत, पण प्रमाण तेच राहते. म्हणजे एक पुली बदलल्याने वेग एक तृतीयांशाने उतरतो आणि बळ दीडपट होते, आणि तेही मोटार न बदलता. २ एचपीची मोटार त्याच पुलींवर बसवली असती तर थाळी जाम झाली नसती हे खरे, पण ती ३६० फेऱ्यांनीच फिरत राहिली असती आणि अडकलेला पंख पाहून थांबण्याऐवजी तो तोडून पुढे गेली असती. अशा यंत्रात मोटार बेताची असणे ही एक प्रकारची सुरक्षितताच आहे, असे माझे मत आहे.

सहापट गुणोत्तर दोन मार्गांनी मिळते, मोटारीवरची पुली ५० मिलिमीटरची करून किंवा थाळीवरची ४५० मिलिमीटरची करून. पहिला मार्ग सोपा आणि मोहात पाडणारा आहे, पण व्ही पट्टा इतक्या लहान पुलीवर जास्त वाकतो, त्याची पकडीची लांबी कमी होते, आणि ओल्या वातावरणात तो घसरू लागतो. म्हणून मोठी पुली बदलण्याचा मार्ग निवडला. तिच्यासाठी पट्टा लांब घ्यावा लागला आणि मोटारीची बैठक लांबट भोकांवर सरकवून ताण जुळवावा लागला. जड पुलीचा आणखी एक लाभ असा झाला की पक्षी आत पडतानाचा क्षणिक भार ती आपल्या फिरत्या वजनावर पेलते. जिथे वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे तिथे चार पोलची मोटार १७२५ आरपीएमच्या आसपास फिरते, त्यामुळे तिथे हेच गुणोत्तर सुमारे २९० फेरे देईल आणि सातपट गुणोत्तर अधिक योग्य ठरेल.

पीळबळाच्या तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. यंत्र अंगणात होते आणि त्याला वीज एका लांब, बारीक तारेच्या एक्स्टेन्शनमधून येत होती. थाळीवर भार असताना मोटारीच्या टोकाशी मोजलेला विजेचा दाब (व्होल्टेज) घरातल्या दाबापेक्षा जवळजवळ एक दशांशाने कमी भरला. या प्रकारच्या मोटारीचे पीळबळ दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे दाब १० टक्के उतरला की बळ सुमारे १९ टक्के उतरते. जाड तारेची, गरजेपुरतीच लांब केबल घातल्यावर मोटारीचा आवाजच बदलला. पक्षी आत ठेवून यंत्र सुरू करू नये, रिकामी थाळी पूर्ण वेगात आल्यावर पक्षी आत सोडावा, हा नियमही त्याच वेळी घालून दिला.

फट

पुली बदलल्यावर जाम होणे कमी झाले पण थांबले नाही. पक्ष्याचा पाय किंवा पंखाचे टोक थाळीच्या कडेखाली जाऊन रुतत होते, आणि ते नेहमी एकाच बाजूला. थाळी हाताने हळूहळू फिरवत चौफेर फट मोजली तेव्हा एका बाजूला ती १२ मिलिमीटर आणि समोरच्या बाजूला २८ मिलिमीटर निघाली. पिंप कापले की त्याचा गोलपणा जातो. वरची कड मोकळी झाल्याने प्लास्टिक किंचित लंबगोल होते, आणि येथे तर चौकटीचे बोल्ट आवळताना पिंप एका अंगाला ओढलेही गेले होते. २८ मिलिमीटरच्या फटीत कोंबडीचा पाय आरामात जातो. दुसरीकडे, १२ मिलिमीटरच्या फटीत ओल्या पिसांचा गोळा अडकून थाळीला ब्रेक लागल्यासारखे होत होते. दोन्ही दोष एकाच चुकलेल्या केंद्राचे होते.

पिंपाच्या वरच्या कडेला बाहेरून लोखंडी पट्टीचे वर्तुळ बसवून त्याला आधी गोल करण्यात आले, मग बेअरिंगची बैठक सैल करून शाफ्ट सरकवला आणि लाकडाच्या एकाच जाडीच्या चार पाचरी थाळीभोवती चार दिशांना ठोकून, त्या तशाच ठेवून बोल्ट आवळले. फट सगळीकडे १८ ते २१ मिलिमीटरच्या आत आली. भिंतीवरच्या सर्वांत खालच्या रांगेतली बोटे थाळीपासून जरा अधिक वर होती. तिच्याखाली बोटांची आणखी एक रांग, थाळीच्या बोटांना न लागेल अशी, बसवल्यावर पाय कडेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वर ढकलला जाऊ लागला. पाण्याची व्यवस्था आधी बादलीने वरून ओतण्याची होती. तिच्या जागी पिंपाच्या तोंडाशी भोके पाडलेली नळी गोल फिरवून सतत बारीक धार ठेवल्याने पिसे साचेनाशी झाली. ही धार शाफ्टवरून बेअरिंगमध्ये उतरू नये म्हणून बेअरिंगच्या वर शाफ्टवर रबराची एक चकती घट्ट बसवली, जी फिरता फिरता पाणी बाहेर फेकते.

या सगळ्यानंतर दोन-दोन पक्षी एका वेळी टाकले असता वीस ते तीस सेकंदांत काम होऊ लागले. एकच पक्षी टाकला तर तो भिंतीलगत फिरत राहतो, आणि तीन टाकले तर या आकाराच्या पिंपात ते एकमेकांत अडकतात. तीस सेकंदांनंतरही पिसे राहिली असतील तर वेळ वाढवायची नाही, पक्षी काढून घ्यायचा, हाताची चाचणी करायची आणि पाणी पाहायचे.

जे बदलण्यास मी आग्रह धरला

यंत्राच्या कामगिरीशी संबंध नसलेल्या काही गोष्टी होत्या आणि त्यांवर घरात थोडा वाद झाला. ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी, धातूच्या चौकटीवर बसवलेली मोटार चालवायची तर चौकटीला अर्थिंग आणि जोडणीत ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पट्टा आणि पुलींवर जाळी नव्हती, ती बसवली. बटण मोटारीपाशी, पिंपाच्या मागे होते, ते पुढे गुडघ्याच्या उंचीवर आणले, जेणेकरून हात अडकला तरी पायाने यंत्र बंद करता येईल. जाम काढताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढूनच हात आत घालायचा. थाळीचा कडेचा वेग आता ताशी २४ किलोमीटर आहे आणि बाहीचे टोक पकडायला तो पुष्कळ आहे.

पक्षी पूर्ण मेलेला असल्याची खात्री हा याहूनही महत्त्वाचा मुद्दा. मान कापल्यावर दोन ते तीन मिनिटे रक्त गळू द्यायचे, श्वास थांबलेला आहे आणि डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही हे पाहायचे, आणि त्यानंतरच पक्षी गरम पाण्यात जायचा. घाईत हा टप्पा आखडला जातो. शंकू वाढवल्याने तो आखडण्याचे कारणच उरले नाही, हा त्या उपायाचा मोठा लाभ मी मानतो. अपुरे रक्त गळालेल्या पक्ष्याची कातडी पिसे निघाल्यावर लालसर, ठिपकेदार दिसते, म्हणजे ही कसर नंतर लपतही नाही.

स्वच्छतेच्या दृष्टीने हे यंत्र हातापेक्षा धोकादायक आहे, हे यंत्र बनवणाऱ्यांनी मान्य करायला हवे. बोटे पक्ष्याचे पोट दाबतात, त्यातून विष्ठा बाहेर येते, आणि तीच बोटे पुढच्या पक्ष्याला लागतात. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी याहून सोयीची जागा सापडणे कठीण. कापण्यापूर्वी ८ ते १२ तास दाणा बंद ठेवला आणि पाणी चालू ठेवले तर पोट आणि आतडे बऱ्याच अंशी रिकामे होते. या कुटुंबात तोवर सकाळी दाणा टाकूनच काम सुरू होत असे. काम संपल्यावर पिंप आधी थंड पाण्याने धुवायचे, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिने रबरावर साकळून बसतात. मग साबण, आणि शेवटी क्लोरीनचे सौम्य द्रावण, त्यानंतर उन्हात नव्हे तर वाऱ्यावर वाळवणे, कारण उन्हाने रबर लवकर कडक होते. दर खेपेपूर्वी प्रत्येक बोट वाकवून त्याच्या बुडाशी चीर आहे का ते पाहायचे आणि चिरलेले बोट काढून टाकायचे. चिरेत जंतू राहतात, आणि तुटलेला रबराचा तुकडा मांसात जाऊ शकतो. पिसे निघालेला पक्षी उघड्यावर रांगेत पडून राहू नये, आतडी काढून तो लगेच बर्फाच्या पाण्यात जावा आणि त्याचे आतले तापमान ४ अंशांच्या आसपास आणावे. यंत्राने वेग वाढवला की अडथळा पुढच्या टप्प्यावर सरकतो, आणि येथे तो आतडी काढणाऱ्या मेजावर सरकला. म्हणून पिसे काढण्याचा वेग त्या मेजाच्या वेगाला बांधून घ्यावा लागला.

जे राहिले

कोवळ्या पिसांचे खुंट हे यंत्र काढू शकत नाही. कातडीबाहेर नुकतीच डोके काढलेली ती टोके बोटांच्या पकडीत येत नाहीत, आणि ती संख्येने जास्त असतील तर बोथट सुरीची धार आणि अंगठा यांच्यात धरूनच काढावी लागतात. पक्षी पिसे गाळण्याच्या काळात असताना न कापणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. केसांसारखी बारीक लव ज्वाळेवरून पक्षी फिरवून जाळली जाते. शेपटीच्या बुडाशी दोन-चार मोठी पिसे बहुधा राहतात आणि ती हाताने ओढणे हे यंत्र आणखी सुधारण्यापेक्षा सोपे आहे.

बदकांवर या यंत्राचा प्रयोग समाधानकारक झाला नाही. त्यांच्या पिसांखालच्या दाट मऊ थरात पाणी शिरत नाही, त्यांना सत्तरीच्या घरातले तापमान, साबणाचे प्रमाण जास्त आणि वेळही अधिक लागतो, आणि इतके करूनही तो मऊ थर बोटांना गुंडाळून बसतो. बदके मोजकीच असल्याने ती हातानेच साफ करावीत असे ठरले. हाच हिशेब कोंबड्यांनाही लागू आहे. वर्षाकाठी मोजके पक्षी कापणाऱ्या घराने असे यंत्र बांधू नये, कारण ते धुण्या-वाळवण्यात जाणारा वेळ हाताने पिसे काढण्याच्या वेळेपेक्षा जास्त भरेल.

पिसांची विल्हेवाट हा प्रश्न यंत्रामुळे नव्याने उभा राहिला. पक्ष्याच्या वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के पिसे निघतात, ओली झाल्यावर ती कितीतरी जड होतात आणि सांडपाण्याच्या नळीत गेली तर ती तुंबवतात. यंत्राखाली जाळीचा तळ असलेला खोका ठेवून ती गाळून घेतली जातात आणि वाळलेला पाला व लाकडाचा भुसा यांच्या थरांत खतासाठी पुरली जातात. पिसांतले केराटिन हे प्रथिन नत्राने समृद्ध असले तरी ते सावकाश कुजते, आणि या घरच्या खड्ड्यात पिसांचे देठ इतर सारे काही कुजून गेल्यावरही ओळखू येत होते, त्यामुळे तो खड्डा पुढच्या खेपेसाठी वापरायचा की दुसरा खणायचा यावर निर्णय अजून झालेला नाही.